आवाज गुरुजींचा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आत्ता माझ्या आधी आपल्या एका चिरंजीवाने माझी नक्कल केली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, मान तिरपी करून, "नियम म्हणजे नियम! पावती दाखवा, पावती!" असं तो म्हणाला आणि तुम्ही सगळे पोट धरून हसलात. आमची सौभाग्यवती तर सगळ्यात जास्त हसली. मी पण हसलो. पण खरं सांगतो, हसताना मनात एक जुनी गोष्ट हलली. मला कार्यकारिणीने 'सोसायटीची पंचवीस वर्षे' हा विषय दिला होता. आकडेवारी कागदावर लिहूनही आणली होती. ती अहवालात छापलेली आहेच, घरी जाऊन वाचा. मी आज नकलेवर बोलणार आहे. माझ्यावर एक जुनी थकबाकी आहे, ती आज सगळ्यांसमोर भरायची आहे.

नक्कल आपल्या झाडीपट्टीला नवीन नाही. धान निघालं, मंडई भरली की रात्री नाटक किंवा दंडार आलीच. दंडारीत नकल असतेच. पाटलाची, सावकाराची, तलाठ्याची. ज्याची नकल होते तोही पुढच्या रांगेत बसून हसतो. न हसेल तर करणार काय? सगळं गाव बघत असतं. मी लहानपणी हेच बघत वाढलो आणि शाळेत गेल्यावर आयता माणूस सापडला. आमचे मराठीचे गुरुजी.

गुरुजींचं नाव मी घेत नाही. त्यांच्या घरची माणसं अजून याच तालुक्यात आहेत आणि व्यासपीठावरून नाव घेतलेलं त्यांना स्वतःला आवडलं नसतं. पण साठीच्या दशकात जे इथे शाळेत होते, त्यांनी ओळखलंच असेल. धोतर, वर काळा कोट, हातात खडूचा तुकडा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ठाम मत. चहावर मत, अक्षरावर मत, छोट्या लाइनच्या गाडीच्या उशिरावर मत, मंत्र्यावर मत, मुख्याध्यापकांवर तर रोज नवीन मत. आणि ते सांगायचं तेही मुख्याध्यापकांना ऐकू जाईल अशा आवाजात. बोलण्याची पद्धत अशी की आधी अगदी हळू सुरुवात. मग एक थांबा. खडू हवेत. आणि मग एकदम, "गेल्या दहा हजार वर्षांत इतका घाणेरडा निबंध या भारतवर्षात कुणी लिहिलेला नाही!" ज्याचा निबंध असायचा तोसुद्धा हसायचा. आपण दहा हजार वर्षांत पहिले आलो, ही काय लहान गोष्ट आहे?

ही नक्कल मी नववीत असताना बसवली. मधल्या सुट्टीत खुर्चीवर चढून करायचो. एके दिवशी करता करता समोरची पोरं हसायची थांबली. मागे वळून बघतो तर दारात गुरुजी. मला वाटलं, आता छडी. गुरुजी आत आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "चालू ठेव." मला काही सुचेना. मग म्हणाले, "आवाज बरोबर काढलास. हातही बरोबर. पण मजकूर कुठे आहे? मी बोलतो तेव्हा त्यात काही मजकूर असतो की नुसती आरडाओरड असते?"

शिक्षा अशी झाली की दर शनिवारी पाच मिनिटं मी गुरुजींच्या आवाजात वर्गासमोर बोलायचं. विषय ते देणार. अट एकच, प्रत्येक वाक्य खरं असलं पाहिजे. कुणी उभं राहून "हे कशावरून?" विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

पहिला विषय दिला तलाव. मी म्हटलं, तलावावर काय बोलायचं? पाणी असतं, म्हशी बसतात. गुरुजींनी मला गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवलं. तेव्हा कळलं की आपल्या भागातले हे तलाव आपोआप झालेले नाहीत. कोहळी लोकांनी ते बांधले. नवेगावबांधचा एवढा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगितला जातो. डोंगरांच्या मधल्या खिंडी अडवून, मातीच्या पाळी घालून पाणी साठवलं. पुढे मालगुजारी आली. तलावाची पाळ फुटू नये, गाळ निघावा, पाण्याची पाळी ठरावी, हे मालगुजाराने गावाकडून करवून घ्यायचं अशी रीत होती. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले. ते योग्यच झालं, मालगुजाराचा जाचही होताच. पण गाळ कुणी काढायचा हा प्रश्न मागे राहिला. गुरुजी म्हणायचे, "पूर्वी तलाव एकाचा होता, म्हणून त्याचा राग यायचा. आता सगळ्यांचा झाला, म्हणून कुणाला काहीच वाटत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या आवाजात म्हटलं तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही. मला वाटलं, नक्कल फसली. गुरुजी म्हणाले, "आज जमली."

आपल्या टाकीवरचं झाकण सहा महिने उघडं होतं आणि चोवीस घरांतल्या एकालाही ते दिसलं नव्हतं, तेव्हा मला हेच वाक्य आठवलं होतं. असो.

आता ते दहा हजार वर्षांचं गुपित सांगतो. मी पुढे बी. कॉम.ला गोंदियाला होतो. १३ जून १९६९ ला आचार्य अत्रे गेले. वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी रकानेच्या रकाने आले. त्यांची भाषणाची ढब, ती अतिशयोक्ती, 'दहा हजार वर्षांत' म्हणायची सवय, हे सगळं वाचताना मी खानावळीत ताट समोर घेऊन तसाच बसून राहिलो. अरे, हे तर आमचे गुरुजी! म्हणजे मी इतकी वर्षं ज्याची नक्कल करत होतो, ते स्वतःच दुसऱ्याची नक्कल करत होते.

सुट्टीत अर्जुनीला आलो आणि तडक गुरुजींकडे गेलो. काहीशा आगाऊपणानेच विचारलं, "गुरुजी, तुम्ही अत्र्यांची नक्कल करत होता?" गुरुजी दोन दिवस नीट जेवले नव्हते असं त्यांच्या घरून कळलं. मला म्हणाले, "करत होतो. नागपूरला एकदा ऐकलं, त्या दिवसापासून. पण अत्रे कोण होते हे तुला माहीत आहे का?" मी म्हटलं, 'मराठा'चे संपादक, 'श्यामची आई'वाले. "त्याच्या आधी ते मास्तर होते, मास्तर!" असं म्हणून त्यांनी जो तास घेतला, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास.

अत्रे पुण्याच्या कॅम्पमधल्या शाळेचे हेडमास्तर होते. शिकवायचं कसं हे शिकायला लंडनला गेले आणि १९२८ साली तिथला टी. डी. घेऊन आले. त्यांनी मुलांसाठी नवयुग वाचनमाला काढली, कारण जुन्या क्रमिक पुस्तकांतली भाषा मुलांच्या तोंडची नाही असं त्यांचं मत होतं. आणि नक्कल? नकलेत तर ते सगळ्यांचे बाप. १९२५ साली 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' काढून त्यांनी त्या काळच्या कवींच्या शैलीची अशी विडंबनं केली की मराठीत विडंबन म्हटलं की आजही तेच पुस्तक आधी आठवतं. गुरुजी म्हणाले, "दुसऱ्याचं वृत्त, दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याच्या खोडी पाठ असल्याशिवाय विडंबन होत नाही. मनापासून वाचलेलं असावं लागतं." अत्रे गडकऱ्यांना गुरू मानत. ते राम गणेश गडकरी १९१९ साली आपल्या विदर्भात, सावनेरला वारले. आणि गडकरी ज्यांना गुरू मानत ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरही विदर्भातले, जळगाव जामोद आणि खामगावला वकिली करणारे. गडकऱ्यांनी सुरुवातीला कोल्हटकरांसारखं लिहिलं, अत्र्यांनी गडकऱ्यांसारखं. "सगळे आधी कुणाच्या तरी आवाजातच बोलतात रे," गुरुजी म्हणाले, "तिथेच थांबायचं नसतं, एवढंच."

मी म्हटलं, मग तुम्ही? गुरुजी हसले. म्हणाले, "आवाज अत्र्यांचा घेतला. मतं नाही घेतली." आणि हे खरं होतं. १९५५ साली फाजल अली आयोगाने वेगळा विदर्भ सुचवला होता, गुरुजी शेवटपर्यंत त्या मताचे. अत्रे म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची तोफ. म्हणजे हे अत्र्यांच्याच आवाजात, अत्र्यांच्याच हातवाऱ्यांनी, अत्र्यांच्याच विरोधात बोलायचे! त्यातली गंमत मला तेव्हा कळली नाही. आज विदर्भाबद्दल तुमचं मत काहीही असो, माझंही काही आहे, ते इथे सांगत नाही, नाहीतर जेवणाला उशीर होईल. पण ज्याच्यावर एवढा जीव, त्याचं सगळं काही पटलंच पाहिजे असं नाही, हे मी गुरुजींकडून शिकलो.

पुढे महिनाभरात, १९ जुलै १९६९ ला, चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, खेड्यापाड्यांत शाखा निघू लागल्या आणि माझ्यासारख्याला बँकेत नोकरी लागली. नोकरीत बदल्या झाल्या, पण गुरुजी सोबत होते. स्नेहसंमेलनात, निरोप समारंभात, लग्नाच्या पंगतीत लोक म्हणायचे, "साहेब, ते तुमचे गुरुजी होऊन जाऊ द्या." मुंबईपुण्याकडे सदानंद जोशी 'मी अत्रे बोलतोय' हा एकपात्री प्रयोग करत, तसा मी आपला 'मी गुरुजी बोलतोय' करायचो. फक्त तिकीट नव्हतं. हळूहळू एक गोष्ट झाली, जी माझ्या लक्षात आली नाही. मजकूर गळत गेला. लोक हसतात ते खडू हवेत गेल्यावर, 'दहा हजार वर्षांत' म्हटल्यावर. मग तेवढंच राहिलं. तलाव गेला, शनिवार गेला, 'हे कशावरून' गेलं.

आता थकबाकीवर येतो.

२०१० साली मी निवृत्त होऊन इथे राहायला आलो. पुढच्याच वर्षी तुम्ही मला कोषाध्यक्ष केलं. बँकेचा माणूस, वसुली चांगली करेल, हा हेतू. त्या उन्हाळ्यात बोअरवेलची मोटर जळली. नवीन मोटर घ्यायची तर शिल्लक नाही. आमसभेत मी थकबाकीची यादी घेऊन उभा राहिलो. एका सभासदाची चौदा महिन्यांची वर्गणी बाकी होती. मी साध्या आवाजात आकडा वाचला. सभेत गडबड चालू होती, कुणी ऐकेना. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी गुरुजींच्या आवाजात सुरू झालो. हळू सुरुवात. थांबा. पेन हवेत. "गेल्या दहा हजार वर्षांत, सिंधू संस्कृतीपासून आजपर्यंत, इतकं फुकट पाणी कुणी प्यायलेलं नाही!"

सभा कोसळली. टाळ्या पडल्या. तुमच्यापैकी निम्मे लोक तिथे होते. ते सभासदही हसले. दंडारीत पाटील हसतो तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा मुलगा सगळी रक्कम घेऊन माझ्या दारात उभा. मी पावती दिली, सौभाग्यवतीला म्हटलं, "बघितलं? याला म्हणतात वसुली." त्यानंतर ते सभासद आमसभेला कधी आले नाहीत. गणपतीला वर्गणी पाठवायचे, आरतीला यायचे नाहीत. समोरून आले तर "नमस्कार मॅनेजर साहेब" म्हणून पुढे जायचे. मला वाटायचं, स्वभाव. दोन वर्षांनी दुसऱ्याकडून कळलं की ते चौदा महिने त्यांच्या घरात आजारपण होतं. नागपूरच्या खेपा चालू होत्या. ती रक्कम त्यांनी त्या रात्री उसनी आणली होती. पेशंट पुढे बरा झाला, देवाची कृपा. पण मी बँकेत पस्तीस-चाळीस वर्षं काढली. कर्ज थकलं की आधी त्या घरी जायचं, का थकलं ते विचारायचं, हे मी नवीन पोरांना शिकवायचो. आणि माझ्या घरापासून चार घरं पुढे मी गेलो नाही.

कळूनही मी माफी मागायला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, यात दहा-बारा वर्षं गेली. या भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा मात्र ठरवलं आणि गेल्या महिन्यात गेलो. त्यांनी चहा मांडायला सांगितला. मी सांगून टाकलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आपल्या झाडीत म्हणाले, ते मला जसंच्या तसं सांगायचं आहे:

"साहेब, मी बी त्याच गुरुजीचा विद्यार्थी आहो. तुमच्या दोन वर्ग मांगं. परीक्षेची फी भराले पैसे नव्हते. वर्गात कारकून यादी वाचाले आला, तं गुरुजीनं त्याले बाहेर काढलं. दुपारी मले शाळेच्या मांगं नेलं. म्हनले, फीचं मी पाहून घेतो, बापाले सांगू नको. आवाज एवढा बारीक होता का मले दोनदा विचारा लागलं. तुमी त्यायची नक्कल लय भारी करता. पन तो आवाज तुमाले मालूम नसन."

मित्रहो, नव्हता मालूम. मी साठ वर्षं त्या माणसाची नक्कल केली. मोठा आवाज माझ्यापेक्षा चांगला कुणाला येत नव्हता. पण ज्यांना ते मोठ्याने बोलायचे ते मुख्याध्यापक, मंत्री, रेल्वे, आणि ज्याला सहन होईल असा निबंधवाला. फी न भरलेल्या पोराशी ते मोठ्याने बोलले नाहीत. हे मला दिसलंच नाही, कारण ते दाखवण्यासाठी केलेलं नव्हतं. शाळेच्या मागे जाऊन नक्कल कोण करणार?

मी त्यांना विचारलं, हे भाषणात सांगू का? म्हणाले, "सांगा जी, पन माहं नाव घेऊ नका. आन् मोटरचा हिशेब अजून बराबर लागला नाही, तो बी सांगा." मोटरचा हिशेब मी पुन्हा तपासला. चारशे वीस रुपयांची चूक होती, माझीच. आकडा असा निघाला त्याला मी काय करू! ती रक्कम काल भरली, पावती घेतली. आणि दुसरी थकबाकी, जी कुठल्या वहीत नाही, ती आता भरतो. ते गृहस्थ आज इथे बसलेत की नाही हे मी सांगणार नाही. पण मी आमसभेत, तुमच्यासमोर चूक केली, म्हणून माफीही तुमच्यासमोरच मागतो. माझं चुकलं.

कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. सचिवांशी बोलणं झालं आहे, ते अनुकूल आहेत. कुणाची वर्गणी तीन महिन्यांवर थकली तर नाव यादीत जाण्याआधी दोघांनी त्या घरी जाऊन यायचं. चहा घ्यायचा, विचारायचं. अडचण असेल तर हप्ते करून द्यायचे. अडचण नसेल आणि नुसताच आळस असेल, तर मग नियम म्हणजे नियम! पुढच्या आमसभेत हा ठराव मी मांडीन. अनुमोदक मिळाला आहे, तो कोण ते तेव्हा कळेल.

आता बालमित्रांनो, तुमच्यासाठी. नक्कल बंद करू नका. शिक्षकांची करा, पुढाऱ्यांची करा, माझीही करा. आजकाल मोबाइलवर तीस सेकंदांत होते, आम्हाला खुर्चीवर चढावं लागायचं. पण नक्कल ज्याची करायची त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघा. तो कुणाशी मोठ्याने बोलतो आणि कुणाशी हळू, हे बघा. आणि आपली झाडी बोलायला लाजू नका. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या माणसांनी या बोलीसाठी आयुष्य वेचलं. आमचे गुरुजी वर्गात अत्र्यांच्या मराठीत गरजायचे, पण शाळेच्या मागे ते झाडीतच बोलले असणार, याची मला आता खात्री आहे.

माझी नक्कल करणाऱ्या चिरंजीवाला एक सांगतो. पावतीचं वाक्य छान जमलं. पण पुढच्या गणपतीत करशील तेव्हा आधी शनिवारी माझ्याकडे ये. पाच मिनिटं माझ्या आवाजात बोलायचं. विषय मी देणार. पहिला विषय आपली पाण्याची टाकी.

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. पुढची पंचवीस बघायला मी नसेन, तुम्ही असाल. टाकीचं झाकण लावत चला आणि चार घरं पुढे जाऊन येत चला.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. दोन शब्द म्हणून अर्धा तास घेणारा माणूस गेल्या दहा हजार वर्षांत... जाऊ द्या. जेवण तयार आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय सहकार!